हिरा, तुझं अंग तापलं होतं

हिरा, मागच्या वर्षी मी गावभर जो तमाशा केला तो आधी लिहून टाकते. तू असतीस तर तूच सांगितला असतास, आणि दरवेळी नवा मीठमसाला लावून.

तुझ्या पहिल्या किमोनंतरची सकाळ. तू मोरीतून बाहेर आलीस, तुझ्यामागून मी आत गेले, आणि बघते तर खाली लाल. पुढचं मला धड आठवत नाही, पण गावाला आठवतं. "रगत! माझ्या जावंला रगत चाललंय!" अशी बोंब मी ठोकली की शेजारच्या यंत्रमागाच्या शेडमधले कामगार लूम चालू सोडून धावत आले. एक जण विचारतोय, "अम्माजी, कहाँ लगा? किसको लगा?" आणि मी त्यालाच दटावतेय, "लगा नहीं, बह रहा है!" तुला खुर्चीत बसवलं, खुर्चीसकट उचलायला लावलं आणि रिक्षात कोंबलं. तू सांगत होतीस, "ताय, मना काय बी झालं न्हाय गो." मी म्हणत होते, "गप ऱ्हा, बोललीस तर अजून जाईल." धामणकर नाक्यावर रिक्षा अडकली तेव्हा मी खाली उतरून ट्रकवाल्यांना हातवारे केले, जसं काही माझ्या हातवाऱ्यांनी भिवंडीचं ट्रॅफिक सुटतं.

ठाण्याला दवाखान्यात पोचलो. किमोच्या वॉर्डातल्या सिस्टरनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "आजी, काल सलाईनमधून लाल रंगाचं औषध दिलं होतं, बघितलं होतं ना?"

"बघितलं होतं."

"मग ते बाहेर कुठून पडणार?"

वॉर्ड हसला. हाताला सुई लावलेले हसले, केस गेलेले हसले, उलटीचं भांडं धरून बसलेली एक बाई भांडं बाजूला ठेवून हसली. सगळ्यांत जास्त तू हसलीस. सदुसष्टाव्या वर्षी माझ्याएवढी अडाणी पोर आपल्या शेलार गावात दुसरी नव्हती.

हसणं ओसरल्यावर सिस्टरनं मला समोर बसवलं. म्हणाली, "लाल लघवी एखाद-दोन दिवस होते, तिला घाबरायचं नाही. तापाला घाबरायचं. थर्मामीटर शंभरच्या वर गेला की तसंच उचलून इकडे आणायचं. तापाची गोळी देऊन घरी वाट बघत बसायचं नाही." का, ते पण तिनं सांगितलं. हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना गाठून मारतं. गाठीच्या पेशी तशाच, म्हणून गाठ मरते. पण केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आत, आतड्यात आणि रक्तातही तशाच असतात, त्यांनाही ते सोडत नाही. म्हणून केस जातात, तोंड येतं, पोट बिघडतं. आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की अंगाला राखणदार राहत नाही. मग साधा जंतूही आत येऊन बसतो, आणि तो आल्याची खूण एकच, ताप.

मी मान हलवली. पण खरं सांगू, माझ्या कानात तेव्हा सगळ्यांचं हसणंच चाललं होतं.

तुझं बारावं होऊन गेलं. घरात आता फिनेलचा वास येत नाही. तुझ्यासाठी रोज दोनदा लादी पुसायची तुझ्या सुनेला, मनीषाला, सवय झाली होती, ती अजून पुसते, पण पाणी नुसतंच असतं. निलेश रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसतो. तुझा मुलगा तुझ्यासारखा नाही गो, बोलत नाही. चहा पितो, माझ्याकडे बघतो, उठून जातो. मला वाटतं तो विचारणार. मग वाटतं, त्याला विचारायला सुचणारच नाही, कारण त्याला माहीत काय आहे? जे माहीत होतं ते तुला आणि मला. तू तर गेलीस. आता ते माझ्या एकटीच्या पोटात आहे, आणि निलेशला सांगू की नको, एवढ्यावर माझी भाकरी अडलीय.

तुझ्याशी माझं पहिल्यापासून कुठे पटलं म्हणा. या घरात मी थोरली. सासूबाई धवलारीण, लग्नात धवळे गाणारी. आपल्यात लग्नाची हळद धवळ्यांशिवाय लागत नाही, आणि पंचक्रोशीत लोक त्यांना आधी विचारून मग तारीख धरायचे. मी नवी नवरी, नाकात मोठी नथ आणि डोक्यात त्याहून मोठी हवा. मला वाटलं, सासूबाईंच्या मागे आता मीच. त्यांनी एकदा मला गायला बसवलं. दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाल्या, "तू पाट मांड." झालं. तेव्हापासून प्रत्येक लग्नात मी पाट मांडतेय. मग तू आलीस, धाकट्याची बायको, काळी आणि काडीसारखी, आणि तोंड उघडलंस तर बायका हातातलं काम विसरल्या. तुझ्या पहिल्या गाण्याच्या दिवशी मी तुला मुद्दाम मूठभर चिंच खायला दिली होती. घसा बसावा म्हणून. तू ती सगळी चाटूनपुसून खाल्लीस, वर मीठ मागितलंस, आणि त्या दिवशी जी गायलीस की सासूबाईंनी तुझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. मला तर वाटलं, पुढच्या वेळी मीच चिंच खावी.

दोघींचे नवरे गेले, पोरं मोठी झाली, शेताच्या जागी लूमच्या शेड आल्या, राहनाळकडच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली, तरी आपलं भांडण मात्र तसंच. पण तुला गाठ निघाली तेव्हा तुझ्याबरोबर वॉर्डात कोण बसणार, हे कुणी विचारलंच नाही. मीच उठले. तू म्हणालीस, "हिला नका आनू, ही मना सलाईन लावायच्या आधीच मारल." आणि माझीच पिशवी धरून रिक्षात बसलीस.

किमोनं तुझी जीभ आधी नेली. सगळ्याला लोखंडाची चव. "ताय, तू भातात खिले घातलेस काय?" स्टीलचे चमचे बंद केले, लाकडी पळीनं पेज पाजली, थोडी थोडी, कोमट, दर थोड्या वेळानं. सुकटीचा वास आला की तुला उमासे यायचे, म्हणून आपल्या घरात, आगरी माणसाच्या घरात, सुके बोंबील भाजणं बंद झालं. मी चोरून शेजारी जाऊन खायचे आणि तू माझ्या पदराचा वास घेऊन मला पकडायचीस. केस जायला लागले तेव्हा तू वाट बघितली नाहीस, मनीषाकडून कात्रीनं सफाच करून घेतलेस आणि डोक्याच्या फडक्याला सेफ्टीपिननं अबोलीची वेणी लावलीस. "बग, आता वेनी घसरायची भीती न्हाय." तोंड आलं तेव्हा मात्र तू रडलीस. जीभ सोललेली, गाल आतून लाल, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी. सिस्टरनं सांगितलं होतं तसं मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा, ब्रश एकदम मऊ, तिखट बंद, आणि बर्फाचे बारीक तुकडे चघळायचे. मीच फ्रीजमध्ये बर्फाचा ट्रे भरून ठेवायचे. तू चघळायचीस आणि थोडं बरं वाटलं की गुणगुणायचीस, आवाज जागेवर आहे का ते बघायला.

मीही माझी अक्कल चालवली. कुणी सांगितलं म्हणून पपईच्या पानांचा रस काढून आणला. तू नाक दाबून प्यायला तयार होतीस, पण सिस्टरला विचारलं तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तो वाटेतच नाल्यात ओतला. डॉक्टरांना न विचारता काहीही द्यायचं नाही, औषधाशी त्याचं काय होईल सांगता येत नाही. त्यावरही तू गावात गोष्ट केलीस. मी मुकाट ऐकली. आजारी माणसाला हसायला काहीतरी लागतं, आणि मी स्वस्तात मिळत होते.

निलेशच्या पोरीचं, प्राचीचं लग्न ठरलं ते तुझे डोस चालू असतानाच. हळदीची तारीख आपणच धरली होती, विचार करून. डोसनंतरचा पहिला आठवडा मळमळीचा, दुसरा पांढऱ्या पेशी खाली जायचा, तिसऱ्यात तू पुन्हा माणसात येतेस. तिसऱ्यात हळद. सगळं जमलं होतं. मग हळदीआधीच्या डोसला रक्त तपासलं तर पेशी पुरेशा भरल्या नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, डोस आठवडाभर पुढे ढकलू. सगळ्यांना बरं वाटलं, तुला आराम मिळेल म्हणून. घरी आल्यावर मनीषा कॅलेंडरसमोर उभी राहिली आणि तिचा चेहरा उतरला. डोस पुढे गेला, हळद जागेवरच राहिली, आणि दुसरा आठवडा, तो उघड्या दारांचा आठवडा, नेमका हळदीवर येऊन बसला.

सिस्टर म्हणाली, "त्या आठवड्यात गर्दी नको. मोबाईलवर बघा."

निलेश म्हणाला, "आई, तुझं आधी रेकॉर्ड करून ठेवू. त्या दिवशी स्पीकरवर लावू."

तू म्हणालीस, "धवला काय डीजेचं गानं हाय? माज्या नातीला हलद मशीन लावनार?"

"मग दुसरी धवलारीण आणू. कशेळीची कुणी येईल."

"आन," तू म्हणालीस. "आनि मना तवाच चितेवं ठेव."

निलेश बाहेर निघून गेला. शेवटी तह झाला. तू आतल्या खोलीत बसायचं, मास्क लावून, खिडकी उघडी, आणि मांडवातून कुणी आत यायचं नाही. तुझ्यापाशी फक्त मी. मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. तू फार लवकर कबूल झालीस. तू आयुष्यात कधी इतक्या लवकर काही कबूल केलं नव्हतंस.

हळदीच्या दिवशी सकाळी मी तुझ्या खोलीत आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून बसली होतीस आणि तोंडातून कुडुम कुडुम आवाज येत होता. ट्रे अर्धा रिकामा. मी म्हटलं, आज तोंड बरं आहे ना, मग एवढा बर्फ कशाला? तू आणखी एक तुकडा तोंडात टाकलास. मनीषा थर्मामीटर घेऊन आली, तुझ्या जिभेखाली धरला. मशीन वाजलं, तिनं बघितलं, "छान आहे आई," म्हणाली आणि हसतच पाहुण्यांकडे गेली.

मी तुझ्या मानेवर हात ठेवला. गरम तव्यावर ठेवावा तसा उचलून घेतला.

"हिरा, अंग तापलंय तुजं."

"चुलीपाशी बसले व्हते."

"चूल मोडून किती वर्सं झाली आपली?"

"मग डीजेवाल्याचा जनरेटर तापला आसल." आणि मग, माझा हात धरून, हलकेच, "ताय, एक दिवस. उद्या सकाली मीच सांगीन. आज बोल्लीस तर परत खुर्चीत बसवून नेतील, आनि तू परत गावभर बोंबलत जाशील. पोरीच्या हलदीत?"

हसत होतीस तू. मी पण हसले. हिरा, मी हसले, हेच मला सहन होत नाही. एकदा खोटं ओरडले आणि गाव हसतच राहिलं, म्हणून खरं ओरडायच्या वेळी माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. लोक म्हणतील, आली म्हातारी परत रक्त घेऊन. पण हे सुद्धा अर्धंच झालं. उरलेलं अर्धं तुझ्यापाशी बोलते, कारण तू आता कुणाला सांगणार नाहीस. मलाही तुझं गाणं ऐकायचं होतं. मला माहीत होतं, ह्यानंतर कदाचित ऐकायला मिळणार नाही. चिंच देणाऱ्या बाईला मन भरून ऐकायचं होतं.

दुपार कलली तेव्हा निलेशनं शेजारच्या शेठला सांगून लूम बंद करवले. आपल्या गावात लूम बंद म्हणजे कानात दडे बसतात. एवढी शांतता मी फक्त कुणी गेल्यावर ऐकलीय. हळद दळायला बायका बसल्या. तू पहिला धवळा खिडकीतून म्हटलास. दुसऱ्याला मास्क खाली आला. तिसऱ्याला तू उठलीस, मला म्हणालीस "धर," आणि मी तुला धरून मांडवात नेलं. कुणी अडवलं नाही. बायका सरकल्या, तुला मधे जागा केली, एकीनं गळ्यात हात टाकला, एकीनं पापा घेतला, पोरं अंगावर पडली. माझा हात तुझ्या पाठीवर होता. पोलक्यातून हाताला चटके बसत होते. आणि आवाज! तोंड सोललेल्या बाईचा नव्हता तो. तो त्या काडीसारख्या नव्या जावेचा होता. बायका रडत होत्या. मी डोळे मिटले नाहीत. मी तुझ्या मानेवरचा घाम बघत होते, आणि मधेच तुला शहारा येत होता, उन्हात. तू शहारा येईल तिथे सूर लांबवत होतीस. लोकांना वाटलं, वा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुला हुडहुडी भरली, ती पलंगासकट. मग सांगायची वेळच आली नाही. गाडीत तू माझ्या मांडीवर, पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि तुझी नखं जांभळी होत चाललेली. ह्या वेळी मी ट्रकवाल्यांना हातवारे केले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला. "ताप कधीपासून?"

मनीषा म्हणाली, "आज पहाटेपासून. काल अजिबात नव्हता, मी स्वतः मोजला होता."

त्यांनी लिहून घेतलं. मी चपलांकडे बघत उभी होते. तिथे बोलायला हवं होतं. तुझ्या हळदीसाठी गप्प राहिले, ते मी एखाद वेळी देवाला समजावून सांगेन. पण तिथे, त्या दारात, आता कुणाची हळद राहिली होती? डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात पसरलेत, प्रेशर उतरतंय, आम्ही सगळं करतोय. एक दिवस आधी आणलं असतं तर, असं ते म्हणाले नाहीत. मीच ते रोज म्हणते.

आयसीयूत मला एकदाच आत सोडलं. तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोक्याचं फडकं कुणीतरी काढलेलं. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे बघितलंस आणि एक बोट उचलून मास्कवर, ओठांच्या जागी, ठेवलंस. हिरा, मला तेवढं सांगायला हवं होतंस. ते "गप्प ऱ्हा" होतं, का पाणी मागत होतीस? मी मान हलवली. कशाला हलवली, मला माहीत नाही. आठवडाही पुरला नाही त्यानंतर.

मी तुझ्यावर रागावलेय. बर्फ माझा, ट्रे मी भरलेला, आणि तू तोच वापरलास. मला तुझ्या खोटेपणात सामील करून घेतलंस आणि निघून गेलीस. आणि मग दुपारी पडल्या पडल्या तो तिसरा धवळा कानात येतो आणि राग कुठे जातो कळत नाही. एवढी वर्षं पाट मांडले, त्याची सगळी मजुरी तू त्या एका दुपारी चुकती केलीस. पण निलेश समोर बसला की तो सूर थांबतो. त्याची आई त्याला अजून काही वर्षं मिळाली असती. ती मी ऐकण्यात घालवली.

परवा आपल्या आळीतल्या एका पोरीच्या आईला किमो सुरू झाली. मी न बोलावता गेले. सांगितलं, लाल दिसलं तर हसा, ताप दिसला तर पळा. थर्मामीटर लावायच्या आधी तिला बर्फ, चहा, पाणी काही देऊ नका. आणि तिच्यावर विश्वास ठेवू नका, मानेला हात लावून बघा. ती पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आजी, एवढं कशाला घाबरवता?" मी म्हटलं, घाबर.

घरी आले तर निलेश ओटीवर बसला होता. चहा टाकला नाही मी. त्याच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. बर्फ, मान, चुलीचा विनोद, मी हसले ते, डॉक्टरांसमोर गप्प उभी राहिले ते. मधे थांबले नाही, थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. लूम चालू होते, मला माझाच आवाज नीट येत नव्हता. मी म्हटलं, आता तुला जे बोलायचं ते बोल, मारलंस तरी चालेल.

तो खाली बघत, तुझ्यासारखा हलकेच म्हणाला,

"मोठी आई, हळदीच्या सकाळी मी तिच्या पाया पडलो ना, तेव्हा तिनं माझ्या गालाला हात लावला. हात तापलेला होता. मला तेव्हाच कळलं होतं. मलापण वाटलं, आजचा दिवस निघून जाऊ दे."